दाजींची गाडी

अण्णांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसायचं तर मांडीवर दगड घ्यावा लागायचा. चांगला पाच-सहा किलोचा, बिदरकडचा तांबडा जांभा, एका बाजूनं तासून पाचरीसारखा केलेला. गाडीचा हँडब्रेक मेलेला होता आणि स्टार्टर त्याच्याही आधी. त्यामुळं गाडी कायम उतारावर लावायची, आणि उतारावर लावली की घरंगळू नये म्हणून चाकाखाली दगड. निघताना अण्णा आत बसून ओरडायचे, "दगड!" शेजारच्यानं खाली उतरून दगड काढायचा, गाडी हलायला लागायची, आणि दगडासकट चालत्या गाडीत उडी मारायची. कंपनीत रुजू झालो त्या पहिल्या दिवशी, नवा कोरा पांढरा शर्ट घालून मी हे केलं. पोटापाशी तांबडा पट्टा उमटला तो किती धुतला तरी गेला नाही. अण्णा म्हणाले, "आता तू कंपनीचा झालास बघ, तम्मा."

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. आमच्या भालकी-बसवकल्याणच्या भागात माणूस वाक्य मराठीत सुरू करतो आणि कन्नडात संपवतो, त्यामुळं अण्णा, अक्का, तम्मा ही नाती सगळ्यांचीच. त्यांना तर आख्खा इलाखा अण्णा म्हणायचा. त्यांचं खरं नाव मी सांगणार नाही. स्वतःचं नाव झाकून त्यांचं उघडं करणं हा आणखी एक हलकटपणा होईल, आणि माझ्या खात्यावर आहे तेवढा पुरे आहे.

आमची कंपनी शेतीची औषधं विकायची. शाखा कलबुर्गीला. बसवकल्याण आणि हुमनाबाद अण्णांकडं, भालकी आणि औराद माझ्याकडं. शेतकऱ्यांच्या बैठका मात्र आम्ही दोघं मिळून घ्यायचो, म्हणजे आठवड्यातले तीन-चार दिवस एकत्रच. अण्णा पन्नाशी ओलांडलेले, वीस वर्षं याच रस्त्यांवर घालवलेले. मी नुकता शेतकी कॉलेजातून बाहेर पडलेला, वस्तीतला पहिला पँटीत शर्ट खोचून नोकरीला जाणारा.

अण्णांच्या डोक्यात तालुक्याचा नकाशा होता तो सगळा उतारांचा. भालकीत गंजाच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागची बोळ, हुमनाबादला जुन्या विहिरीकडं जाणारी वाट, बसवकल्याणात तर उतारच उतार, म्हणून तर ते तिथं राहायचे असं मला वाटायचं. औरादचं नाव काढलं की कपाळाला आठी. "लई सपाट गाव रे. तिथं जायचं तर चार माणसं ओळखीची पाहिजेत." नवा दुकानदार जोडायचा तर बाकीचे लोक त्याचं भांडवल बघतात, पत बघतात. अण्णा दुकानापुढचा रस्ता बघायचे. मी यायच्या आधी औरादचा एक दुकानदार त्यांनी केवळ एवढ्यासाठी जोडला की त्याच्या घरात दोघं भाऊ पैलवान होते.

गाडी उदगीरहून जुनी घेतलेली, महाराष्ट्राच्या नंबरची. रस्त्यात बंद पडली की अण्णा तिला शिव्या द्यायचे त्या अस्सल कन्नडात. मी एकदा विचारलं, "अण्णा, एरवी मराठी बोलता, शिव्याच कामून कन्नडात?"

"ही मराठी गाडी हाय तम्मा. कन्नड तिला कळत न्हाई. मराठीत दिल्या तर मनाला लावून घेईल, आणि मग चढ चढायची न्हाई."

चढ चढून वर आली की मात्र मराठीत, "शाब्बास गं माझी माय!"

उन्हाळ्यात दर वीस-पंचवीस किलोमीटरवर ती तापायची. मग कडेला लिंबाखाली घ्यायची, बॉनेट उघडायचं आणि तिचं डोकं थंड होईपर्यंत वाट बघायची. मी घड्याळ बघत चडफडायचो. अण्णा मात्र आजूबाजूच्या शेतात शिरायचे, तुरीवरची अळी बघायचे, बांधावर बसलेल्या माणसाशी बोलायचे, औषध किती टाकायचं ते सांगायचे आणि कधीकधी "औंदा काही मारू नकोस, उगंच पैसे घालू नकोस" असंही सांगून यायचे. औषध विकणारा माणूस! त्यांची निम्मी गिऱ्हाइकं अशी गाडी बंद पडलेल्या जागी जोडलेली होती. दुकानात गेलं की लोक विचारायचे, "अण्णा, लई दिवसांत आमच्या शेतापाशी बंद पडला न्हाईत?"

आणि ती टोपी. अण्णांच्या डोक्यावर कंपनीनं वाटलेली हिरवी टोपी असायची. कंपनीच्या कामाचा रस्ता असेल तोवर टोपी डोक्यावर. घरच्या कामाला, पिठाच्या गिरणीला, पाहुण्याला भेटायला गाडी वळली की टोपी काढून समोर काचेपाशी. गाडीचं मीटर कधीच बंद पडलेलं, पण टोपी नसलेले किलोमीटर ते तोंडी मोजायचे आणि महिन्याच्या कागदातून इमानदारीनं वजा करायचे. एकदा टोपी काढलेली असताना एका दुकानदाराचा फोन आला. अण्णा म्हणाले, "मालक, मी आत्ता माझ्या किलोमीटरात हाय. पाच मिनिटांनी कंपनीत येतो, मग बोलू." आणि ठेवून दिला. मी पोट धरून हसलो. त्यांना त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

आता माझं सांगतो. नोकरी लागली तेव्हा शाखेतल्या कारकुनानं विचारलं, "चारचाकी आहे का? असेल तर कारचा अलाउन्स, नसेल तर दुचाकीचा." कारचा अलाउन्स दुचाकीच्या दुपटीहून जास्त. घरी आमचं अर्ध्यावर राहिलेलं घर, वर पत्रे. वडील साखर कारखान्यात हंगामी, आणि त्यांनी आधीच बुद्धविहारापुढं बसून सगळ्या वस्तीला सांगून टाकलेलं, की पोराला कंपनी गाडीचे पैसे देणार. मी "आहे" म्हणालो. गाडी घरातल्या कुणाच्याही नावावर असली तरी कंपनीला चालत होतं. उमरग्याला माझे दाजी, थोरल्या बहिणीचे मालक, त्यांची चांगली दोन वर्षांची गाडी होती. तिच्या बॉनेटवर हात ठेवून मी फोटो काढला, कागद जोडले आणि अलाउन्स सुरू झाला. त्या पैशातून घरावर स्लॅब पडला. गाडी उमरग्यातच राहिली. मी बसनं फिरायचो, नाहीतर अण्णांच्या गाडीत, मांडीवर दगड घेऊन.

पहिल्याच आठवड्यात अण्णांनी विचारलं, "तुझ्याकडं गाडी हाय म्हणं. मग स्टँडवर कामून उभारलास?"

"दाजी घेऊन गेलेत, अण्णा."

पुढच्या आठवड्यातही दाजींनी नेलेली. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. महिन्याभरानं अण्णा समोर रस्त्याकडं बघत म्हणाले, "तुझे दाजी लई फिरतात रे." बस्स. त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही. डिझेलसाठी माझ्याकडून कधी रुपया घेतला नाही. जिचा अलाउन्स मी उचलत होतो ती गाडी दुसऱ्या राज्यात, आणि बसायचो मी फुकट यांच्या गाडीत. ही लाज मला तेव्हा वाटत नव्हती, हे आधी कबूल करतो.

मला लाज वाटायची ती गाडीची. एका दाराला पत्र्याचं ठिगळ, डाव्या बाजूची काच वर जात नाही, चालली की गावातली कुत्री मागं लागणार. भालकीत आलं की बसस्टँडपाशी माझे कॉलेजचे दोस्त चहाला उभे असायचे. म्हणून मी नाक्याआधी शंभर पावलं गाडी थांबवायला सांगायचो. कधी झेरॉक्स काढायची आहे, कधी मोबाईलचं दुकान. चार-पाचदा असं झालं. मग अण्णा आपणहून तिथं गाडी हळू करायला लागले. "उतर तम्मा, तुझी जागा आली." मी उतरायचो, दगड सीटवर ठेवायचो आणि शर्ट झटकत चालायला लागायचो. ते स्टँडपुढून एकटेच जायचे, कुत्री मागं घेऊन. मी दोस्तांत उभा राहून ती गाडी जाताना बघायचो, आणि एकदा तर त्यांच्याबरोबर हसलोही. आत बसलेल्यानं मला बघितलं होतं.

अशी दोनेक वर्षं गेली. मग कंपनीनं नवा नियम काढला. खटारा गाड्या दाखवून, नसलेल्या गाड्या दाखवून लोक पैसे उचलतात, म्हणून सगळ्यांच्या गाड्या तपासणार. दाखवलेली गाडी मुळात नसेलच तर नोकरीवरून काढणार. गाडी असेल पण धड नसेल, तर कारचा अलाउन्स बंद, दुचाकीचा मिळेल. अण्णांच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं, दुचाकीवर बसायला डॉक्टरांची सक्त मनाई. गाडी गेली की त्यांचं फिरणं संपलं, म्हणजे त्यांची नोकरी उरणार ती कलबुर्गीच्या गोदामात, खोकी मोजत. हे मला पक्कं माहीत होतं. नंतर कळलं वगैरे भानगड नाही.

तपासणी बसवकल्याणला, एका दुकानदाराच्या वरच्या खोलीत. मी उमरग्याला फोन केला तर दाजी गाडी घेऊन खरोखरच लग्नाला गेलेले, नागपूरकडं. दोन वर्षं जे खोटं सांगत आलो ते नेमकं त्या दिवशी खरं झालं.

तपासणीला मुख्य कार्यालयातून एक मॅडम आलेल्या, माझ्याच वयाच्या, बोलायला मऊ. पहिल्यांदा मला बोलावलं. अण्णा खाली पायरीवर बसून राहिले.

"तुमची गाडी कुठं आहे?"

"लग्नाला गेलीय मॅडम. दाजी घेऊन गेलेत."

त्यांनी लॅपटॉपवरची बोटं उचलली आणि माझ्याकडं नुसतं बघितलं. "ठीक आहे. तुमच्या सहकाऱ्यांना विचारते मी. त्यांनी तुमची गाडी पाहिली असेलच." मग एक कागद पुढं सरकवला. प्रत्येकानं दुसऱ्याच्या गाडीविषयी लिहून द्यायचं होतं. "तुम्ही त्यांच्या गाडीविषयी लिहा. चालू स्थितीत आहे का, एवढंच."

एवढंच. 'चालू आहे' असे दोन शब्द लिहून सही केली असती तरी चाललं असतं. पण मला माझीच पडलेली. ही बाई आता अण्णांना विचारणार, आणि अण्णा, जो माणूस गिरणीपर्यंतचे किलोमीटर वजा करतो तो, सरळ सांगणार, की गाडी न्हाई याच्याकडं. माझ्या मनात आलं ते असं: हिला काहीतरी मोठं दिलं पाहिजे, म्हणजे ही माझ्या गाडीचं विसरेल. मी लिहायला बसलो ते पानभर लिहिलं. स्टार्टर नाही. हँडब्रेक नाही. चाकाला दगड लावतात. मीटर बंद. काच बंद होत नाही. माणसं लावून ढकलावी लागते. अक्षर माझं चांगलं आहे, शाळेत बक्षीस होतं. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

मॅडमनी वाचलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "हे तर धोकादायक आहे!"

"व्हय मॅडम," मी म्हणालो, "मी कितीदा सांगितलं त्यांना."

मी कधीच सांगितलं नव्हतं. माझ्या गाडीविषयी त्यांनी मला पुन्हा काही विचारलं नाही.

मग अण्णा वर गेले. अर्ध्या तासानं उतरले. मी दुकानाच्या पायरीवर, जीव मुठीत धरून. आता ओरडतील, आता कानाखाली वाजवतील. ते म्हणाले, "चल तम्मा, ऊन वाढायच्या आत जाऊ." मी दगड काढला, उडी मारून बसलो. भालकीपर्यंत ते सोयाबीनवरच्या पिवळ्या मोझॅक रोगाविषयी बोलत होते, पानं कशी आधी शिरांपासून पिवळी पडतात ते. नाक्याआधी त्यांनी गाडी हळू केली.

"आज न्हाई अण्णा. स्टँडपर्यंत येतो मी," मी म्हणालो.

"कामून? लोकं बघतील की," ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता, खरंच काळजी होती. मी उतरलो.

महिन्याभरात त्यांना पत्र आलं. कारचा अलाउन्स बंद, बदली कलबुर्गीच्या गोदामात. गाडी बसवकल्याणला घरापुढं उभी राहिली आणि पुढं भंगारात गेली. त्यांचा इलाखा मला जोडून दिला. मी त्यांच्या दुकानदारांकडं बसनं जायचो. लोक विचारायचे, "अण्णा कामून येईनात?" मी सांगायचो, "कमरेचा त्रास वाढलाय." एक म्हातारा शेतकरी रोज दुपारी बांधावर येऊन रस्त्याकडं बघायचा, असं त्याच्या सुनेनं सांगितलं. मी त्या रस्त्यानं जाणं बंद केलं, लांबून वळसा घालून जायला लागलो.

गोदामात एकदा जावंच लागलं, मुदत संपलेला माल परत करायला. अण्णा दारात स्टुलावर बसलेले, नाकाला औषधाच्या वासापायी रुमाल बांधलेला. मला बघून रुमाल खाली केला आणि हसले. "काय तम्मा! दाजी बरे हायेत का?" बाजूचे हमाल हसले, त्यांना वाटलं घरची विचारपूस आहे. मी खोकी उतरवली, सही घेतली आणि चहालाही थांबलो नाही. त्यांना काही माहीत नसेल, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती. मॅडमनी माझं नाव कशाला सांगितलं असेल? त्या समजुतीवर मी सहा वर्षं काढली, बढती घेतली, आणि स्वतःची गाडी घेतली. किल्ली फिरवली की चालू होते.

गेल्या वर्षी शाखेच्या जुन्या फायली संगणकावर चढवायचं काम निघालं. आता शाखा मीच बघतो, त्यामुळं फायली माझ्याच टेबलावर. त्यात तो कागद निघाला. माझं पानभर, बक्षिसाचं अक्षर. त्याच्या खाली अण्णांच्या वाकड्या अक्षरात एक ओळ: "वरील मजकूर मला वाचून दाखवला. सगळे खरे आहे." सही.

आणि त्याच्या पाठीमागं, माझ्या गाडीविषयीचा त्यांचा कागद. "यांची गाडी मी पाहिली आहे. पुष्कळ वेळा तिच्यात बसलो आहे. गाडी उत्तम आहे. आत गार हवा येते." सही.

मी तो कागद चार-पाचदा वाचला. वीस वर्षांत त्या माणसानं कंपनीला दिलेलं एवढंच एक खोटं असणार, आणि ते माझ्यासाठी, माझं ते पानभर ऐकून झाल्यावर. केबिनचं दार आतून लावलं आणि स्वतःची अशी शरम वाटली की उठून तोंड धुतलं तरी जाईना.

त्या रविवारी बसवकल्याणला गेलो. रस्ताभर वाक्यं घोकत होतो. अण्णा आता निवृत्त, ओसरीत खाटेवर बसून शेंगा फोडत होते. मला बघून सरकून जागा केली. "बस. एकटाच आलास?"

मी घोकलेलं सगळं विसरलो. "अण्णा, तो कागद बघितलो मी. मॅडमनं लिहून घेतलेला."

ते शेंगा फोडत राहिले. "मग?"

"तुम्ही माझ्या गाडीत बसलात म्हणून लिहिलंय."

"दोघांची कामून घालवायची? माझी तर गेलीच होती. एकाची तर राहू दे म्हटलं."

"पण मी जे लिहिलो अण्णा, ते..."

"खरंच लिहिलास की रे. दगड बी लिहिलास. माझ्या गाडीचं एवढं बारीक वर्णन मी कधी ऐकलो नव्हतो." ते हसले, आणि हसता हसता थांबले. मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले. "एक वाटलं बघ तेवढ्या वेळी. आधी खाली येऊन मला सांगितला असतास, तर मीच म्हटलो असतो, लिही म्हणून."

तेवढ्यात आतून त्यांच्या मंडळींनी चहा आणला. मी कप तोंडाला लावला तो रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही. मग औंदाच्या तुरीचं काय झालं ते अण्णांनी विचारलं आणि मी सांगत बसलो.

मी माफी मागायला गेलो होतो. चहा पिऊन आलो.